लिनक्सवर नावाचा पत्ता लागत नाही तेव्हा

वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसते, मोबाइलवर व्हिडिओ चालू असतो, आणि लिनक्सच्या टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) मात्र ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ अशी ओळ उमटते. अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो: डीएनएस सर्व्हरच्या, म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या यंत्राच्या, जागी ८.८.८.८ टाका. गूगलची ही सार्वजनिक सेवा २००९ पासून चालू आहे, ती भरवशाची आहे आणि अनेकदा हा उपाय लागूही पडतो. माझा आक्षेप आहे तो हा बदल सर्वांत आधी करण्याला. तो केला की बिघाड कोठे होता याचा माग पुसला जातो, दुखणे राहते एकीकडे आणि औषध पडते दुसरीकडे, आणि पुढे तीच तक्रार वेगळ्या रूपात परत येते तेव्हा तपासायला हाती काहीच उरत नाही. मी गिरगावातील एका वाचनालयाचे संगणक सांभाळते आणि घरून काम करणाऱ्या नातेवाइकांचे लॅपटॉपही अधूनमधून माझ्यापुढे येतात. या कामातून माझे मत असे झाले आहे की नावाच्या कोणत्याही तक्रारीत ‘आत्ता मिळालेले उत्तर, किंवा न मिळालेले उत्तर, नेमके कोणाकडचे’ हा प्रश्न आधी सोडवावा. सर्व्हर बदलायचा की नाही हे त्यानंतर आपोआप कळते.

पुढे आलेल्या आज्ञा आणि फाइलींची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत; टर्मिनलवर ती अर्थात रोमन लिपीत टाइप करावी लागतील.

सुरुवात संगणकाच्या संदेशापासूनच करावी, कारण दोन वेगळे संदेश लोक एकाच अर्थाने वाचतात. ‘टेम्पररी फेल्युअर’ याचा अर्थ विचारणा झाली, पण विसंबता येईल असे उत्तर आले नाही: सर्व्हर गप्प राहिला, त्याच्यापर्यंत प्रश्न पोहोचलाच नाही, किंवा त्याने स्वतःच ‘मला शोधता आले नाही’ असे कळवले. ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ हा संदेश बहुतेक वेळा उत्तर मिळाल्यानंतरचा असतो, आणि ते उत्तर असे असते की या नावाची नोंदच नाही. पहिल्या प्रसंगी वाट तपासायची, दुसऱ्या प्रसंगी नाव आणि नोंदी तपासायच्या. ज्याला हा फरक ठाऊक नाही तो नाव टाइप करताना झालेल्या चुकीसाठी राउटर बदलत बसतो.

एखादा प्रोग्राम नाव घेऊन पत्ता विचारतो तेव्हा तो थेट इंटरनेटकडे जात नाही. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत (उबुंटू, फेडोरा, डेबियन अशा तयार संचांत) तो जीलिबसी या मूळ लायब्ररीला ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’ या फंक्शनमार्फत विचारतो, आणि ती लायब्ररी ‘/इटीसी/एनएसस्विच.कॉन्फ’ या फाइलमधील ‘होस्ट्स’ने सुरू होणारी ओळ वाचून कोणाला कोणत्या क्रमाने विचारायचे ते ठरवते. उबुंटूवर त्या ओळीत साधारणतः आधी ‘फाइल्स’ म्हणजे ‘/इटीसी/होस्ट्स’ ही फाइल, मग स्थानिक जाळ्यातील यंत्रे शोधणारी एमडीएनएस ही पद्धत आणि शेवटी ‘डीएनएस’ असा क्रम असतो. होस्ट्स फाइल ही डीएनएसच्याही आधीची. एके काळी सगळ्या जाळ्यातील यंत्रांची नावे एकाच मजकूर-फाइलमध्ये असत आणि ती फाइल प्रत्येकाला उतरवून घ्यावी लागे. ते अशक्य होऊ लागले म्हणून पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसचा आराखडा मांडला आणि १९८७ मध्ये त्याला आरएफसी १०३४ व १०३५ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजांचे आजही आधारभूत असलेले रूप मिळाले. तरीही ती जुनी फाइल प्रत्येक लिनक्स संगणकावर शिल्लक आहे, आणि बहुतेक ठिकाणी तिचा शब्द डीएनएसच्या आधी मानला जातो. यातूनच एका मोठ्या गोंधळाला जागा मिळते, त्याचे उदाहरण पुढे येईलच.

प्रत्यक्ष तपासणीत मी आधी एखाद्या आकडी पत्त्याला पिंग करते, म्हणजे ‘आहेस का’ असा छोटा संदेश पाठवते, उदाहरणार्थ ‘पिंग १.१.१.१’. उत्तर आले नाही तर प्रश्न बहुधा नावाचा नसून जोडणीचा आहे आणि तो वेगळ्या मार्गाने सोडवावा लागतो. उत्तर आले तर जे नाव उघडत नाही त्यासाठी लागोपाठ दोन आज्ञा द्याव्यात: ‘गेटेंट एहोस्ट्स’ आणि ‘डिग’. पहिली आज्ञा बाकीचे प्रोग्राम ज्या वाटेने जातात त्याच वाटेने, म्हणजे एनएसस्विचच्या क्रमाने जाते. दुसरी त्या क्रमाकडे बघतसुद्धा नाही, ती ‘/इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ मधून सर्व्हरचा पत्ता उचलते आणि थेट त्यालाच विचारते. म्हणून ‘डिग तर बरोबर उत्तर देतो, मग ब्राउझरच बिघडला असणार’ हा निष्कर्ष म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे आहे. दोन आज्ञांच्या उत्तरांत तफावत पडली की पाणी त्या दोन वाटांच्या मधल्या भागात मुरते आहे, इतके नक्की समजावे.

वाचनालयात नेमके हेच घडले होते. पुस्तकांची सूची आतल्याच एका संगणकावर असते आणि देवघेवीच्या टेबलावरचे संगणक ती ब्राउझरमध्ये उघडतात. सूचीचा संगणक बदलला, राउटरमध्ये नव्या यंत्राचा पत्ता नोंदवला, आणि सकाळी देवघेव सांभाळणारे काका म्हणाले, “ताई, बाकी सगळं उघडतंय, सूचीच तेवढी उघडत नाही. नेट गेलं का हो?” त्यांच्या संगणकावर ‘डिग’ने १९२.१६८.१.४० हा नवा पत्ता दिला, तर ‘गेटेंट एहोस्ट्स’ने १९२.१६८.१.१० हा जुना. होस्ट्स फाइल उघडली तर लोकलहोस्टच्या, म्हणजे त्या संगणकाच्या स्वतःच्या, ओळींखाली, तळाशी, जुन्या यंत्राचा पत्ता आणि सूचीचे नाव कोणीतरी पूर्वी लिहून ठेवलेले होते. त्या ओळीला ना तारीख, ना शेरा. ओळ काढली आणि ब्राउझर बंद करून उघडला, काम झाले. राउटर, केबलवाला किंवा ८.८.८.८ यांचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता. उलट सार्वजनिक सर्व्हर टाकला असता तर सूचीचे नाव त्याला मुळीच ठाऊक नसल्यामुळे आगीतून फुफाट्यात पडलो असतो. तेव्हापासून आमच्याकडे होस्ट्स फाइलमध्ये ओळ घालायची असेल तर तिच्यावर हॅशचे चिन्ह देऊन कारण, तारीख आणि घालणाऱ्याचे नाव लिहिण्याचा नियम आहे.

याच मधल्या भागातील दुसरा त्रास ‘.लोकल’ने संपणाऱ्या नावांचा. अनेक कार्यालयांनी आपल्या अंतर्गत यंत्रांना अशी नावे पूर्वीच देऊन ठेवली, आणि २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने हा शेवट एमडीएनएससाठी राखून ठेवला. एनएसस्विचमध्ये एमडीएनएसचा उल्लेख असा लिहिलेला असतो की त्याला नाव सापडले नाही तर तेथेच थांबावे, त्यामुळे काही वेळा प्रश्न कार्यालयाच्या डीएनएस सर्व्हरपर्यंत जातच नाही आणि त्या बिचाऱ्या सर्व्हरच्या नोंदवहीत काहीही दिसत नाही. शक्य असेल तेथे नावे बदलावीत. ओळीचा क्रम बदलणे हा कामचलाऊ उपाय आहे.

आता ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’. ही फाइल पाहताना आतला मजकूर वाचण्याआधी ‘एलएस -एल’ देऊन ती खरी फाइल आहे की दुसऱ्या फाइलकडे दाखवणारी लिंक आहे, हे बघावे. उबुंटूवर, आणि २०२० मध्ये आलेल्या फेडोरा ३३ पासून फेडोरावरही, ती लिंक सिस्टमडी-रिझॉल्व्ह्‌डच्या फाइलकडे जाते आणि आत १२७.०.०.५३ हा पत्ता दिसतो. तो पत्ता पाहून अनेकजण दचकतात, पण तो बिघाड नाही. संगणकावरच चालणारा हा रिझॉल्व्ह्‌ड नावाचा मध्यस्थ त्या पत्त्यावर ऐकत असतो. बिघाड तेव्हा होतो जेव्हा कोणी तो मध्यस्थ बंद करते आणि लिंक तशीच राहते. लिंकच्या टोकाला फाइलच नसली तर लायब्ररी आपल्याच यंत्रावरील १२७.०.०.१ ला विचारते, तेथे ऐकणारे कोणी नसते, आणि सगळीच नावे एकदम बंद पडतात. असाच पण जास्त चकवणारा प्रकार परवानग्यांचा आहे: एखाद्या स्क्रिप्टने ही फाइल फक्त रूटलाच (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला) वाचता येईल अशी लिहिली, तर ‘सुडो’ लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, दिलेल्या आज्ञा चालतात आणि साध्या वापरकर्त्याला एकही नाव सापडत नाही. रूटला चालते आणि इतरांना चालत नाही असे दिसले की मी आधी याच फाइलच्या परवानग्या पाहते.

या फाइलमध्ये हाताने ओळी लिहिल्या आणि वाय-फाय पुन्हा जोडल्यावर त्या नाहीशा झाल्या, अशी तक्रार तर नेहमीचीच. फाइल नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) किंवा रिझॉल्व्ह्‌ड लिहितो, माणसाने लिहायची ती नाहीच. तरीसुद्धा ‘चॅटर +आय’ ही आज्ञा देऊन फाइल गोठवून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे: हा सल्ला वाईट आहे. आज घरी तो चालतो. उद्या लॅपटॉप कार्यालयात, परवा रुग्णालयाच्या किंवा स्टेशनच्या वाय-फायवर नेला की तेथील राउटरने सांगितलेला सर्व्हर लिहिला जात नाही, प्रवेशाचे पान उघडत नाही, आणि वापरणाऱ्याला फाइल गोठवल्याचे आठवतही नसते. सर्व्हर बदलायचाच असेल तर ‘एनएमसीएलआय’ या नेटवर्कमॅनेजरच्या आज्ञेने त्या एका जोडणीपुरता ‘आयपीव्ही४.डीएनएस’ ठरवावा आणि ‘आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस’ला ‘येस’ करावे. असे केल्याने बदल कोठे केला ते नंतरही सापडते.

फाइलमध्ये एकाहून अधिक सर्व्हर लिहिता येतात, पण जीलिबसी पहिले तीनच मानते, आणि त्यांच्याविषयीचा एक गैरसमज मी जाणत्या लोकांकडूनही ऐकते. पहिला सर्व्हर कार्यालयाचा आणि दुसरा सार्वजनिक लिहिला, की पहिल्याला माहीत नसलेली नावे दुसऱ्याला विचारली जातील, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. पहिल्याने ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे सांगितले की ते उत्तर अंतिम धरले जाते. दुसऱ्याची पाळी पहिला गप्प राहिला किंवा त्याने असमर्थता कळवली तरच येते. म्हणून एका यादीत ठेवलेल्या सगळ्या सर्व्हरांना सारख्याच नावांची माहिती असायला हवी.

वेगवेगळ्या नावांसाठी वेगवेगळे सर्व्हर खरोखरच हवे असतील तर ते काम रिझॉल्व्ह्‌ड चांगले करतो, कारण तो प्रत्येक जोडणीचे सर्व्हर स्वतंत्र ठेवतो. मुलुंडला राहणारा माझा मावसभाऊ घरून काम करतो. व्हीपीएन (कार्यालयाच्या जाळ्यात नेणारा खासगी मार्ग) जोडल्यावर कार्यालयाचे सर्व्हर आकडी पत्त्याने उघडत आणि नावाने उघडत नसत. ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ दिले तर वाय-फायच्या भागात घरच्या राउटरचा पत्ता होता. व्हीपीएनच्या ‘टन०’ या भागात कार्यालयाचा डीएनएस सर्व्हर व्यवस्थित लिहिलेला होता, पण ‘डिफॉल्टरूट’च्या आधी वजाचे चिन्ह होते आणि ‘डीएनएस डोमेन’ ही ओळ नव्हती. म्हणजे तो सर्व्हर ओळखीचा होता, पण कोणता प्रश्न त्याच्याकडे न्यायचा हे कोणीच सांगितले नव्हते, त्यामुळे कार्यालयाच्या अंतर्गत यंत्रांची नावे घरच्या राउटरमार्फत केबलवाल्याच्या सर्व्हरकडे जात होती. हे केवळ गैरसोयीचे नाही. कंपनीच्या आतल्या यंत्रांची नावे बाहेरच्यांना कळत राहणे ही गोपनीयतेचीही बाब आहे. ‘रिझॉल्व्हसीटीएल डोमेन टन०’ या आज्ञेपुढे कार्यालयाचे डोमेन, त्याच्या आधी ‘~’ हे चिन्ह लावून दिले, आणि नावे तत्काळ उघडली. ही आज्ञा जोडणी तुटेपर्यंतच टिकते; कायमचा बदल ‘एनएमसीएलआय’ने व्हीपीएनच्या ‘आयपीव्ही४.डीएनएस-सर्च’मध्ये करावा लागतो.

आता मला ज्यावर सविस्तर लिहायचे आहे तो त्रास: नाव उघडते, पण उशिरा. पूर्ण बंद पडलेले डीएनएस लगेच लक्षात येते, पण हळू चालणाऱ्या डीएनएसला लोक ‘नेट स्लो आहे’ असे म्हणून वर्षानुवर्षे सहन करतात. यातला उशीर मोजून पाहावा. तो साधारण पाच सेकंदांचा असेल तर तो योगायोग समजू नये, कारण जीलिबसी एका सर्व्हरच्या उत्तराची पाच सेकंद वाट बघते आणि मगच पुढे सरकते. यादी संपल्यावर सगळी फेरी आणखी एकदा होते. पहिला सर्व्हर मेलेला आणि दुसरा जिवंत असला तर प्रत्येक नवे नाव पाच सेकंद उशिरा उघडते, कारण ही लायब्ररी प्रत्येक प्रश्नाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. रिझॉल्व्ह्‌डचे तसे नाही: एक सर्व्हर गप्प राहिला की तो दुसऱ्याकडे वळतो आणि तो दुसरा बिघडेपर्यंत त्यालाच धरून राहतो. त्यामुळे एकाच घरात एकाच राउटरवर डेबियनचा संगणक रखडतो आणि उबुंटूचा सुरळीत चालतो, यात चमत्कार काही नाही.

पाच सेकंदांचे दुसरे कारण जास्त लपलेले आहे. वाचनालयातील डेबियनच्या एका संगणकावर ‘डिग’ काही मिलिसेकंदांत उत्तर देई, आणि तेच नाव ‘गेटेंट एहोस्ट्स’ने विचारले की पाच सेकंद जात. सर्व्हर एकच होता आणि तो जिवंतही होता. तेव्हा एका खिडकीत ‘टीसीपीडम्प -एनआय एनी पोर्ट ५३’ (डीएनएसच्या प्रश्नोत्तरांची ये-जा दाखवणारी आज्ञा) चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत ‘गेटेंट’ दिले. पडद्यावर एकाच क्षणी दोन ओळी आल्या, एकीत ‘ए’ म्हणजे आयपीव्ही४ पत्त्याचा प्रश्न आणि दुसरीत ‘एएएए’ म्हणजे आयपीव्ही६ पत्त्याचा. दोन्ही एकाच पोर्ट क्रमांकावरून निघालेल्या. ‘ए’चे उत्तर लगेच आले. मग पडदा स्तब्ध. पाच सेकंदांनी तेच प्रश्न पुन्हा, या वेळी एकामागून एक, आणि दोन्हींची उत्तरे आली. लायब्ररी दोन्ही प्रश्न एकाच सॉकेटवरून (जोडणीच्या एकाच टोकावरून) जोडीने पाठवते, आणि काही स्वस्त राउटर त्यांपैकी एकाचेच उत्तर परत करतात. ‘डिग’ एका वेळी एकच प्रश्न विचारतो, म्हणून त्याला हे दुखणे कधी दिसतच नाही.

यावर ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये ‘ऑप्शन्स सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन’ ही ओळ हवी, म्हणजे अशा प्रसंगी दुसऱ्या प्रश्नासाठी नवे सॉकेट उघडले जाते. नेटवर्कमॅनेजर असेल तर तीच गोष्ट त्या जोडणीच्या ‘आयपीव्ही४.डीएनएस-ऑप्शन्स’मध्ये लिहावी. आयपीव्ही६ पूर्ण बंद करा हा यावरचा लोकप्रिय सल्ला मी देत नाही. त्याने उशीर जाईलच असे नाही, आणि गेला तरी राउटरचा दोष झाकण्यासाठी संगणकाची एक चांगली क्षमता काढून टाकल्यासारखे होते. राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करता आले तर मुळावर घाव बसतो. आमच्या राउटरला नवे सॉफ्टवेअर उपलब्ध नव्हते, म्हणून ती ओळ आजही तेथे आहे.

‘डिग’च्या उत्तरात डोक्याशी ‘स्टेटस’ आणि तळाशी ‘सर्व्हर’ अशा दोन जागा असतात; मधल्या पत्त्याआधी त्या वाचाव्यात. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे नाव नाही. ‘नोएरर’ असून उत्तराचा भाग रिकामा असेल तर नाव आहे, पण विचारलेल्या प्रकारची नोंद त्याला नाही; आयपीव्ही६ पत्ता नसलेल्या साइटबाबत हे अगदी स्वाभाविक आहे. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, पण तुम्हाला उत्तर द्यायला तयार नाही. एका कंपनीची जोडणी सोडून दुसरीची घेतली आणि जुन्या कंपनीचा सर्व्हर तसाच लिहिलेला राहिला, की हे हमखास दिसते.

‘सर्वफेल’वर मात्र थोडे थांबावे लागते. सर्व्हरने शोध घेतला पण त्याला उत्तर मिळाले नाही, किंवा मिळालेल्या उत्तराची खात्री पटली नाही, असा त्याचा अर्थ. तोच प्रश्न ‘डिग’ला ‘+सीडी’ जोडून विचारावा, म्हणजे सह्या न तपासता उत्तर द्यायला सांगावे. आता उत्तर आले तर अडचण डीएनएससेकच्या, म्हणजे उत्तरांवरील डिजिटल सह्यांच्या, पडताळणीत आहे. डीएनएसच्या मूळ क्षेत्रावर २०१० पासून डिजिटल सह्या आहेत आणि प्रत्येक सहीला सुरुवातीची व शेवटची तारीख असते. त्यामुळे पडताळणी करणाऱ्या यंत्राचे घड्याळ चुकीचे असेल तर सगळ्या सह्या त्याला अवैध दिसतात. आमच्या ज्या जुन्या संगणकावर अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर चालतो त्याच्या मदरबोर्डवरील बॅटरी संपली होती. वीज गेली आणि आली, घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले, आणि वाचनालयातील सगळीच नावे ‘सर्वफेल’ होऊ लागली. वेळ आपोआप दुरुस्त होईल असेही नव्हते, कारण वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचे नाव शोधायला डीएनएस लागते आणि डीएनएसला योग्य वेळ लागते. ‘डेट’ आज्ञेने तारीख हाताने बसवली की ही कोंडी फुटते. मग लॅमिंग्टन रोडवरून सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी आणून बसवली, आणि वेळेच्या सर्व्हरपैकी एक आकडी पत्त्यानेही लिहून ठेवला.

दोन गोष्टी थोडक्यात सांगते. फायरफॉक्समध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (नावांची विचारणा सांकेतिक जोडणीतून करण्याची सोय) चालू असेल, जे २०१८ च्या आरएफसी ८४८४ नुसार चालते, तर तो संगणकाच्या व्यवस्थेला वळसा घालून स्वतःच्या सर्व्हरला विचारू शकतो. साइट ब्राउझरमध्ये उघडतात आणि सॉफ्टवेअर बसवणारा ‘एपीटी’ मात्र नाव सापडत नाही म्हणतो, किंवा याच्या उलट घडते, तेव्हा ही सोय चालू आहे का ते पाहावे. आणि डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवण्याच्या बंदिस्त कप्प्यात) त्याची स्वतःची ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ असते, बहुधा १२७.०.०.११ हा पत्ता असलेली, म्हणून कंटेनरमधील तक्रार कंटेनरच्या आत जाऊनच तपासावी.

साठवलेली उत्तरे हा मात्र मोठा विषय आहे. ‘रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी’ दिल्यावर शेवटी ‘डेटा फ्रॉम’ अशी ओळ येते आणि तिच्यापुढे ‘कॅश’ किंवा ‘नेटवर्क’ असे लिहिलेले असते. जुना पत्ता मिळतो आहे अशी शंका आली की ही ओळ पाहावी आणि ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’ देऊन पुन्हा विचारावे. लोकांच्या लक्षात न येणारी बाब अशी की नकारही साठवला जातो. माझ्या एका मैत्रिणीने दिवाळीच्या फराळाच्या विक्रीसाठी नवे डोमेन घेतले आणि नोंदी भरण्याआधीच उत्साहाने साइट उघडून पाहिली. सर्व्हरने ‘नाव नाही’ असे सांगितले आणि तोच नकार जपून ठेवला. किती काळ जपायचा हे त्या डोमेनच्या वरच्या क्षेत्राची एसओए नोंद (क्षेत्राची मूलभूत माहिती देणारी नोंद) ठरवते, ही रीत १९९८ च्या आरएफसी २३०८ मध्ये दिली आहे. नोंदी भरल्यानंतरही तिच्या घरी साइट उघडेना आणि बहिणीच्या मोबाइलवर उघडे. लॅपटॉपवरची कॅश पुसून उपयोग झाला नाही, कारण नकार साठला होता तो जोडणी देणाऱ्याच्या सर्व्हरवर. अशा वेळी ‘डिग +ट्रेस’ द्यावे. ते साठवलेल्या उत्तरांना बाजूला ठेवून मूळ सर्व्हरांपासून पायरी-पायरीने खाली उतरते आणि डोमेनच्या अधिकृत सर्व्हरकडे आत्ता काय नोंद आहे ते दाखवते. तेथे नोंद बरोबर असेल तर काही करायचे नाही, थोडे थांबायचे. मूळ सर्व्हरांची ए ते एम अशी तेरा नावे त्या यादीत सर्वांत वर दिसतात. त्या नावांमागे जगभर पसरलेल्या अनेक प्रती आहेत आणि त्यांपैकी काही मुंबईतही आहेत, त्यामुळे ही पहिली पायरी आपल्याकडे सहसा झटकन पार पडते. ज्यांनी २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘.भारत’मध्ये देवनागरी नाव घेतले आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे की डीएनएसमध्ये ते नाव ‘एक्सएन’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात साठवलेले असते; देवनागरीत विचारून उत्तर आले नाही तर त्या रोमन रूपात विचारून पाहावे, म्हणजे दोष नोंदीत आहे की टर्मिनलवरच्या साधनात, ते वेगळे करता येते.

इतके करून बिघाड जोडणी देणाऱ्याकडेच आहे असे ठरले तर त्याला फोन करताना ‘नेट चालत नाही’ असे म्हणू नये, कारण त्यावर ‘राउटर बंद करून चालू करा’ याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही आणि त्यात त्या माणसाचाही दोष नाही. आमच्या भागातील केबलवाल्याच्या तंत्रज्ञाला मी तीन गोष्टी लिहून पाठवते: त्याच्या सर्व्हरला ‘डिग’ने थेट विचारल्यावर आलेले पूर्ण उत्तर, त्याच क्षणी दुसऱ्या एखाद्या सर्व्हरला विचारल्यावर आलेले उत्तर, आणि वेळ. “मॅडम, तुमच्याकडून आलं की वर पाठवायला बरं पडतं,” असे तो म्हणतो. तो दुसरा सर्व्हर विचारण्यासाठी मी ८.८.८.८ आनंदाने वापरते. ‘डिग’च्या आज्ञेत ‘@’ लावून दिला की तो त्या एका प्रश्नापुरताच वापरला जातो आणि संगणकावर काहीही बदलत नाही.

दुरुस्ती झाल्यावर एकदा नाव उघडले म्हणजे काम संपले असे धरू नये. लॅपटॉप झोपवून जागा करावा, वाय-फाय तोडून जोडावे, व्हीपीएन असेल तर तेही लावून आणि काढून पाहावे, आणि प्रत्येक वेळी ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’मध्ये, किंवा रिझॉल्व्ह्‌ड नसेल तर ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये, आपण ठरवलेलाच सर्व्हर दिसतो आहे का ते तपासावे. तपासणीसाठी होस्ट्स फाइलमध्ये एखादी ओळ घातली असेल तर ती त्याच बैठकीत काढून टाकावी.